डिस्ट्रिक्टची शाळा की चार्टर? दोन्हीकडे एकेक पोर घालून बघितलंय, घ्या रिव्ह्यू

डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे अमेरिकेतल्या स्थानिक सरकारी शाळेला साडेतीन स्टार, चार्टरला तीन. ज्यांना घाई आहे त्यांचं काम झालं.

बाकीच्यांसाठी सविस्तर. आम्ही डॅलसच्या उत्तरेला राहतो, ३८० हायवेच्या आसपास, म्हणजे जिथे काही वर्षांपूर्वी गाई चरत होत्या आणि आता दर रविवारी नवीन कॉलनीचा बोर्ड दिसतो तिकडे. ऑगस्ट २०२३ मध्ये हिंजवडीतून थेट इथे आलो, थोरली तेव्हा तिसरीत जाणार होती आणि धाकट्याला पाच पूर्ण व्हायला थोडे दिवस बाकी होते. आता थोरली पाचवीत, डिस्ट्रिक्टच्या शाळेत, आणि धाकटा पहिलीत, चार्टरला. मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दर पंधरा दिवसांनी कोणीतरी नवीन येतं आणि "चार्टर कशी आहे हो, डिस्ट्रिक्टपेक्षा बरी का" विचारतं, तेच तेच टाइप करून माझा अंगठा झिजला म्हणून एकदाच लिहून ठेवते. नावं लिहिणार नाही, दोन्हीकडे पोरं आहेत अजून माझी.

पहिलं म्हणजे चार्टर प्रायव्हेट नाही. फी नसते. पैसा सरकारचा, पण चालवायला डिस्ट्रिक्ट नाही तर वेगळी संस्था, राज्याकडून परवाना घेऊन. आपल्याकडच्या अनुदानित शाळेच्या जवळपास जाणारा प्रकार, पण अगदी तसाही नाही. कायदा पहिल्यांदा मिनेसोटात झाला १९९१ ला, टेक्ससात १९९५ ला आला आणि आता इथे चार लाखांवर पोरं चार्टरला जातात. डिस्ट्रिक्टमध्ये तुमच्या पत्त्यावरून शाळा ठरते, तुम्हाला आवडो न आवडो. चार्टरला जागांपेक्षा अर्ज जास्त आले की लॉटरी, आणि आमच्या भागात ते कायम जास्तच असतात.

आता डिस्ट्रिक्ट. आम्ही अपार्टमेंट घेतलं तेच मुळी शाळा बघून, बाल्कनीतून शाळेचं ग्राउंड दिसतं, भाडं महिन्याला २०० डॉलर जास्त. नवरा म्हणाला पोरगी चालत जाईल, गाडी एकच आहे, वसूल होईल. रजिस्ट्रेशनला सगळे कागद घेऊन गेलो, लीज, लाईट बिल, पासपोर्ट, जन्माचा दाखला, लशींचं पुस्तक. लशींच्या पुस्तकावर जी काय गंमत झाली ती सांगते कारण तुमचीही होणार. आपल्या डॉक्टरांनी तारीख लिहिलेली असते दिवस आधी महिना नंतर. काउंटरवरच्या बाईंनी १० एप्रिलचा डोस ४ ऑक्टोबर वाचला आणि त्याच वर्षीचा ८ सप्टेंबरचा ९ ऑगस्ट, झालं, दुसरा डोस पहिल्याच्या आधीच दिलेला दिसायला लागला. बाई माझ्याकडे बघतात, मी बाईंकडे. शिवाय आपल्याकडे ९ व्या महिन्यात गोवरची लस देतात ती इथे धरतच नाहीत, पहिल्या वाढदिवसाला किंवा नंतर दिलेलीच चालते. पुढच्या दोन होत्या म्हणून वाचलो. हेपटायटिस ए चा दुसरा डोस नव्हता तो द्यावा लागला. येण्याआधी तुमच्या डॉक्टरांकडून महिना अक्षरात लिहिलेला टाइप केलेला कागद आणा, सही शिक्क्यासकट. एवढं एक केलंत तरी हा रिव्ह्यू वाचल्याचं सार्थक.

दुसरी गंमत होम लँग्वेज सर्व्हेची. फॉर्मवर विचारतात घरी कोणती भाषा बोलता, आणि इंग्रजी सोडून काही लिहिलं की पोराची इंग्रजीची टेस्ट होते. ग्रुपवर दोन पार्ट्या आहेत, एक म्हणते सरळ इंग्लिश लिहून मोकळे व्हा, नाहीतर ईएसएलमध्ये, म्हणजे इंग्रजी कच्चं असलेल्यांच्या वर्गात, घालतील. मी मराठी लिहिलं. घरात रोज "पसारा आवर" कोणत्या भाषेत ओरडते मी? टेस्ट झाली, पास झाली, विषय संपला. आणि ज्यांची पास होत नाहीत त्यांना जादा मदत मिळते, त्यात नाक कापलं जाण्यासारखं काय आहे मला कळत नाही.

धाकट्याचं वेगळंच. टेक्ससात १ सप्टेंबरला ५ पूर्ण पाहिजेत तरच किंडरगार्टन. आमचा ९ सप्टेंबरचा. आठ दिवस! सीझर होतं, डॉक्टरांनी तारीख विचारली होती, तेव्हा सासूबाईंनी पंचांग बघून ९ काढली. सासूबाईंना टेक्सस कुठे माहिती, त्यांना दोष नाही. चार वर्षांच्यांसाठी सरकारी प्री-के असतं पण ते फुकट कोणाला, तर उत्पन्न कमी असलेल्यांना, सैन्यातल्यांच्या पोरांना, अजून एकदोन प्रकार, आणि ज्या पोराला इंग्रजी येत नाही त्याला. आम्ही पुण्यात प्लेग्रुपला ६० हजार भरून त्याला इंग्रजी शिकवून आणलेलं. पोपटासारखा बोलला टेस्टला, अपात्र. घरी बसला वर्षभर.

तर थोरली. कागद सगळे झाले, बाई हसून म्हणाल्या वेलकम, आणि मग म्हणाल्या थर्ड ग्रेड कॅप झालाय. कॅप म्हणजे त्या इयत्तेत आता जागा नाही, यानंतर जो येईल तो ओव्हरफ्लो, त्याला दुसऱ्या शाळेत पाठवतात. तुमचं घर शाळेसमोर असलं तरी. बाल्कनीतून शाळा बघायची आणि पोरगी बसने ४ मैल लांब. पहिल्या दिवशी ती बसच्या खिडकीतून त्या शाळेकडे बघत गेली, मी बाल्कनीत चहा घेऊन उभी, आणि २०० डॉलर आठवत होते.

का असं, तर टेक्ससात चौथीपर्यंत एका शिक्षकामागे २२ पोरांची मर्यादा आहे. ती ओलांडायची तर डिस्ट्रिक्टला राज्याकडून सूट घ्यावी लागते आणि पालकांना कळवावं लागतं. मग ते आधी ओव्हरफ्लो करतात, ते पण भरलं की सूट मागतात. जानेवारीत कोणीतरी घर सोडून गेलं, जागा झाली, थोरली समोरच्या शाळेत आली, आणि पुढच्याच वर्षी चौथीत ते सूटवालं पत्र आलं घरी, वर्गात २४. म्हणजे ओव्हरफ्लो पण झालो आणि गर्दी पण झाली, दोन्हीचा अनुभव आहे, प्रमाणपत्र द्या.

चौथीचा वर्ग पोर्टेबलमध्ये होता. मागच्या ग्राउंडवर लाकडी रॅम्पच्या सहा खोल्या, लांबून बघितलं तर बांधकामाच्या साइटचं ऑफिस वाटावं. आतून बरं आहे खरं तर, एसी आहे, पण तो एसी सुरू झाला की बाईंना आवाज चढवावा लागतो. बाथरूम मेन बिल्डिंगमध्ये, पाऊस आला की दाराजवळ खुंटीला रेनकोट टांगलेले असतात ते घालून जोडीने जायचं, एकटीने नाही. जेवण १० वाजून ३५ मिनिटांनी. हो, सकाळी. कॅफेटेरिया एक आणि पोरं इतकी की पाळ्या कराव्या लागतात, कोणाची तरी पाळी १०:३५ ला येणारच, ती आमची आली. सकाळी ७ ला पोहे खाल्लेलं पोर १०:३५ ला काय जेवणार, डबा अर्धा परत, आणि तीन वाजता घरी आली की फ्रीजवर धाड. तिच्या टीचरने मात्र स्वतःहून दीड वाजता सगळ्यांना स्नॅक ब्रेक दिला, रोज, नियमात कुठे बसत होतं का माहिती नाही. अर्धा स्टार त्या बाईंचा आहे.

माझी आई त्या वर्षी सहा महिने आली होती. आई सांगली जिल्ह्यात झेडपीच्या शाळेवर होती, रिटायर झाली तेव्हा मुख्याध्यापिका. मीट द टीचरला तिला घेऊन गेले, साडी आणि स्पोर्ट शूज, आणि तिने पोर्टेबलमध्ये शिरल्या शिरल्या पहिली गोष्ट काय केली तर बाकं मोजली. "पट किती आहे गं?" मी म्हणलं २४. "मग चांगलंय की. रडतेस कशाला?" तिच्याकडे चार इयत्तांना दोन शिक्षक असायचे, त्यातला एक निवडणुकीच्या नाहीतर जनगणनेच्या कामाला.

पण नंतर तिला गंमत वाटायला लागली. मी तिला सांगत होते की इथे राज्याचा पैसा नुसत्या पटावर नाही, रोजच्या सरासरी हजेरीवर येतो, पोरगं घरी राहिलं की डिस्ट्रिक्टचं नुकसान, म्हणून नऊच्या आत फोन येतो. माणशी जो मूळ आकडा असतो तो २०१९ पासून ६,१६० डॉलरवर अडकून बसला होता, २०२५ ला वाढवला तो ५५ डॉलरने. आई म्हणाली, म्हणजे आमचंच की. तिचा अख्खा मे महिना पट गोळा करण्यात जायचा, वाडी वस्तीवर, घरोघरी, "पोराला आमच्याकडे घाला" म्हणत, कारण शेजारच्या गावात इंग्लिश मिडियम निघालं होतं आणि त्यांची पिवळी बस दारात यायची. पट घसरला की संचमान्यतेत पद गेलं, पद गेलं की एक शिक्षक सरप्लस, सरप्लस झाला की कुठल्या तरी टोकाच्या तालुक्यात. आणि २०११ च्या पटपडताळणीची गोष्ट तिने इतक्यांदा सांगितलीय की थोरलीला पण पाठ आहे, राज्यभर एकाच वेळी तपासणी आणि कागदावरची पोरं गायब.

इथे हे सगळं दिसतं पण उलटंसुलटं. आमच्याकडे खोल्या पुरत नाहीत आणि गाडीने खाली गेलं की शाळा बंद होतायत. प्लेनो डिस्ट्रिक्टने २०२४ मध्ये चार शाळा बंद करायचं ठरवलं, रिचर्डसनने त्याच वर्षी चार, लुईसव्हिलनेही काही एलिमेंटरी. फ्रिस्को, जिथे एकेकाळी दरवर्षी नवीन शाळांच्या फिती कापल्या जायच्या, तिथेही एक मिडल स्कूल बंद झाली. चार्टरमुळे का? ग्रुपवर तसंच बोलतात, डिस्ट्रिक्टवाले पण. थोडं आहे, पण सगळं नाही. त्या भागात घरं महाग झाली, जुनी कुटुंबं तिथेच राहिली, त्यांची पोरं कॉलेजला गेली, आणि आमच्यासारखे लहान पोरंवाले स्वस्त घराच्या मागे अजून उत्तरेला सरकले. जन्मदरही कमी. त्यावर चार्टर. आणि आता २०२६-२७ पासून प्रायव्हेट शाळेच्या फीसाठी राज्य पैसे देणार, सुरुवातीला १ अब्ज डॉलर, त्याचं काय होतंय ते बघायचं. इमारती आहेत तिथे पोरं नाहीत, पोरं आहेत तिथे पोर्टेबल. आईला प्लेनोतली एक बंद होणारी शाळा गाडीतून दाखवली, लाल विटांची, मोठी झाडं, ती म्हणाली "एवढी चांगली इमारत?" आणि मग बराच वेळ काही बोलली नाही, तिची शेवटची शाळा पण कमी पटाच्या यादीत आहे.

आता चार्टर. नोव्हेंबर २०२३ ला अर्ज उघडला त्याच रात्री भरला, दहा मिनिटांत होतो, फुकट आहे. लॉटरी फेब्रुवारीत. वेटलिस्ट नंबर ११२. पुण्यात नणंद त्याच सुमारास आरटीईच्या, म्हणजे प्रायव्हेट शाळेतल्या २५ टक्के राखीव जागांच्या, लॉटरीची वाट बघत होती, तिथे सरकारने मध्येच नियम बदलला की सरकारी शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर प्रायव्हेटला सूट, मग कोर्टाने जुलैत तो बदल रद्द केला, तिचं सगळं लटकलेलं, आणि आम्ही दोघी रोज फोनवर एकमेकींना नंबर विचारायचो, जसा काही मटका लावलाय.

आमचा लागला, ऑगस्टमध्ये. इमारत म्हणजे एकेकाळचं किराणाचं मोठं दुकान. खरंच. आत भिंती घालून वर्ग केलेत, खिडक्या कमी, सगळं चकचकीत. प्लेग्राउंड म्हणजे पार्किंगचा एक भाग कुंपण घालून, वर रंगाने रेघा मारलेल्या. युनिफॉर्म आहे, पोलो टीशर्ट, त्याने मला भारी बरं वाटलं, सकाळचं एक भांडण कमी. होमवर्क रोज, किंडरगार्टनपासून. ज्यांना "इथे पोरं काही शिकतच नाहीत" अशी तक्रार आहे त्यांनी चार्टरला जा, तुमचं समाधान होईल. धाकटा किंडरमध्ये डिसेंबरात सपाट वाचायला लागला, गणितही पुढे आहे. हे त्यांचं श्रेय, देऊन टाकते. ऑफिसमधल्या बाई फोन पहिल्या रिंगला उचलतात, ईमेलला त्याच दिवशी उत्तर, प्रिन्सिपलला प्रत्येक पोराचं नाव माहिती. डिस्ट्रिक्टमध्ये मी कोण हे सांगायला मला आधी स्टुडंट आयडी सांगावा लागतो.

मग तीनच का?

एक तर बस नाही. सकाळी कार लाइन, म्हणजे पोरं सोडायची गाड्यांची रांग, ३५ मिनिटं, दुपारी आणायची ४५. मी वर्क फ्रॉम होम करते म्हणून जमतं, तरी आठवड्यातून दोन मीटिंगा मी त्या रांगेत बसून केल्यात, कॅमेरा ऑफ. २२ चा नियम चार्टरला लागू नाही, हे मला आधी माहिती नव्हतं, धाकट्याच्या वर्गात २६ आहेत. लोक गर्दी नको म्हणून डिस्ट्रिक्ट सोडून चार्टरला येतात आणि वर्गात जास्त पोरं! पण इथे गर्दी वाटत नाही, कारण सगळी पोरं एका साच्यातली, रांगेत हात मागे बांधून चालणारी, आणि प्रत्येकाच्या मागे कार लाइनमध्ये ४५ मिनिटं बसू शकणारं कोणीतरी. दोन वर्षांत टीचर बदलले चार. किंडरलाच तीन झाल्या, तिसरीचं नाव धाकट्याला अजून नीट येत नाही. टेक्ससात चार्टरच्या बहुतेक शिक्षकांना सर्टिफिकेट बंधनकारक नाही, डिग्री असली की झालं, आणि पगार कमी असल्याचं एकीनेच सांगितलं मला, जाताना.

पण माझा स्टार कापला गेला तो वेगळ्याच गोष्टीला. धाकट्याच्या वर्गात माझ्या एका तेलुगू मैत्रिणीचा मुलगा होता, गोड पोर, बोलायला अडखळायचा, वर्गातून उठून फिरायचा. कायद्याने चार्टरला त्याला नाही म्हणता येत नाही, आणि नाही असं कोणी म्हणलंही नाही. फक्त स्पीच थेरपिस्ट आठवड्यातून एकदाच येते असं सांगितलं. मग महिन्याला दोनदा मैत्रिणीला बोलावणं यायला लागलं, खूप गोड आवाजात, "आमच्याकडच्या सोयी त्याला पुरेशा आहेत का याचा तुम्ही विचार करा." तिने तीन महिने विचार केला आणि फेब्रुवारीत त्याला काढलं. दुसऱ्याच दिवशी त्याच्या जागी वेटलिस्टवरचं पोर बसलेलं. आणि तो गेला कुठे, तर थोरलीच्या शाळेत. तिथे किंडर कॅप झालेलं होतं, तरी त्याला घेतलं कारण त्याला लागणारा स्पेशल एडचा, म्हणजे विशेष गरजा असलेल्या पोरांचा, वर्ग त्याच शाळेत आहे. त्याची थेरपी कुठे होते माहितीये? पोर्टेबल नंबर चारमध्ये, अर्ध्या खोलीत, मध्ये कपाटं लावून. पण आठवड्यातून तीनदा होते. मैत्रीण सांगत होती की पहिल्या मीटिंगला टेबलाभोवती सहाजण होते आणि त्यातल्या एकानेही तिला विचार करा म्हणलं नाही.

म्हणून मी डिस्ट्रिक्टला अर्धा स्टार जास्त देते. घोळ त्यांचे भरपूर आहेत, कॅप, ओव्हरफ्लो, १०:३५ चं जेवण. पण जो येईल त्याला ते कुठेतरी बसवतात. चार्टरचा नीटनेटकेपणा मला आवडतो, मी त्याचा फायदा घेतेय, दोन वर्षं, हे पण कबूल.

आता लोकांचे नेहमीचे प्रश्न. भारतात तीन आठवडे गेलो तर चालतं का? आमच्या डिस्ट्रिक्टमध्ये सलग दहा दिवस न कळवता गैरहजर राहिलात तर नाव काढतात, परत आल्यावर नव्याने रजिस्ट्रेशन, आणि तोवर इयत्ता कॅप झाली असेल तर तुम्ही ओव्हरफ्लो. आमच्या बिल्डिंगमधल्या एकांचं झालंय, लग्नाला गेले होते. चार्टरला तर जागा गेली की गेलीच. जायच्या आधी ऑफिसात जाऊन लेखी विचारा. थोरलीला सहावीला चार्टरला घालणार का? भाऊ आहे म्हणून तिला सिबलिंगचं प्राधान्य मिळतं, पण ती नाही म्हणते, डिस्ट्रिक्टच्या मिडल स्कूलला ऑर्केस्ट्रा आहे आणि तिला व्हायोला शिकायचाय. चार्टरला संगीत म्हणजे आठवड्यातून एकदा स्पीकरवर गाणं. धाकट्याचं पुढच्या वर्षीचं संमतीचं ईमेल आलंय, नवरा म्हणतो राहू दे, मी म्हणते कार लाइनला तू बस मग बोल.

आणि वेटलिस्टचं. १५० च्या आत नंबर असेल तर आशा सोडू नका, शाळा सुरू व्हायच्या आधीच्या आठवड्यात भराभर नंबर लागतात कारण लोक तीन तीन ठिकाणी अर्ज करून बसलेले असतात. अनोळखी नंबर उचला त्या दिवसांत, उत्तर द्यायला २४ तास असतात. आमचा फोन आला तेव्हा मी कॉस्टकोत होते, ट्रॉलीत बासमतीचं पोतं, धाकटा त्यावर बसलेला, सॅम्पलवाल्या काकूंकडून तिसऱ्यांदा चीज मागत होता. मी तिथेच हो म्हणून टाकलं, नवऱ्याला घरी आल्यावर सांगितलं.